रोजची एक छोटी गोळी आणि तिच्याभोवतीची पाच वर्षे

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, केमोथेरपीच्या फेऱ्या संपतात, रेडिएशनही पार पडते आणि घरातली माणसे नातेवाइकांना फोन करून उपचार संपल्याचे कळवू लागतात. नेमक्या त्याच सुमारास डॉक्टर फाईलमध्ये एक ओळ लिहून देतात: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षे. ज्या स्त्रियांची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी निघालेली असते आणि ज्यांची पाळी कायमची गेलेली असते, त्यांच्यासाठी ही ओळ म्हणजे उपचाराचा सर्वांत लांबलचक भाग असतो. तो भाग रुग्णालयात होत नाही. रोज सकाळी घरी, रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांशेजारी, कोणाच्याही देखरेखीविना पार पडतो.

मी बरीच वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर हीच गोळी स्वतः घेऊ लागले. ओळखीतून ओळख निघत गेली आणि आता पुष्कळ जणी मला या गोळीबद्दल विचारतात. गोळीने अचानक काही विपरीत होईल, ही भीती बहुतेकींच्या मनात असते. प्रत्यक्षात तसे क्वचित घडते. खरी अडचण हळूहळू येते: बोटे आखडतात, झोप उडते, हाडे विरळ होत जातात, काही तक्रारी तर कोणापाशी बोलायचाही संकोच वाटतो, आणि मग एके दिवशी ती बाई डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करून टाकते. पाच वर्षे पुरी होण्याआधीच गोळी सोडणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण लहान नाही, हे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसून आले आहे. म्हणून गोळी सुरक्षितपणे घेणे याचा अर्थ मी असा लावते, की ती अर्ध्यावर सोडण्याची पाळी येऊ नये याची तजवीज पहिल्या दिवसापासून करणे. मी डॉक्टर नाही. पुढे जे लिहिले आहे, त्यातले आपल्याला काय लागू आहे हे प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

गोळी काय करते हे थोडक्यात सांगते, कारण ते कळले की पुढच्या बऱ्याच सूचना आपोआप पटतात. पाळी गेल्यानंतर बीजकोशांत इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होणे जवळजवळ थांबते, पण शरीरात इस्ट्रोजेन उरतच नाही असे नव्हे. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अँड्रोजेन गटातली हार्मोन स्रवत राहतात, आणि चरबी, स्नायू, यकृत व खुद्द स्तनातल्या पेशींत असलेले अॅरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. शस्त्रक्रियेनंतर एखादी कर्करोगाची पेशी कुठे दडून राहिली असेल, तर तिला हे थोडेसे इस्ट्रोजेनही पुरते. अॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या तिन्ही गोळ्या त्या विकराचेच काम बंद पाडतात. टॅमॉक्सिफेन या याच आजारावरच्या दुसऱ्या गोळीची रीत निराळी आहे: ते इस्ट्रोजेनचे उत्पादन थांबवत नाही, तर पेशीत इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसते ती जागा स्वतः अडवते.

हार्मोन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध जुना आहे. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली बीजकोश काढल्यानंतर स्तनाचा बळावलेला कर्करोग मागे हटल्याचे नोंदवले होते; तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही अस्तित्वात नव्हते. अॅरोमाटेज अडवण्याची कल्पना प्रत्यक्ष औषधापर्यंत नेण्यात मेरीलँड विद्यापीठातल्या अँजेला ब्रॉडी यांचा वाटा फार मोठा आहे. आज वापरात असलेल्या तीन गोळ्यांना अमेरिकेत अनुक्रमे १९९५, १९९७ आणि १९९९ साली मान्यता मिळाली, ती प्रथम पसरलेल्या कर्करोगासाठी. पुढे सुरुवातीच्या अवस्थेतल्या आजारावर मोठ्या चाचण्या झाल्या. सुमारे ३२ हजार स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की ज्या काळात एका गटाला टॅमॉक्सिफेन आणि दुसऱ्याला या गटातली गोळी चालू होती, त्या काळात आजार उलटण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. एवढ्याशा गोळीत हे सामर्थ्य आहे, हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण तिचे त्रास आता सविस्तर सांगायचे आहेत.

गोळी सुरू करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या असायला हव्यात. पहिली म्हणजे गाठीचा रिपोर्ट. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन पेशीत जिथे जाऊन बसतात ते ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ई.आर. आणि पी.आर., पॉझिटिव्ह आहेत की नाहीत ते लिहिलेले असते. दोन्ही निगेटिव्ह असतील तर या गोळीला काही करण्यासारखे उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाळी खरोखरच गेलेली असणे, आणि इथे घोटाळा होऊ शकतो. पंचेचाळिशीच्या आसपासच्या स्त्रीची पाळी केमोथेरपीमुळे थांबते आणि सगळे समजतात की आता रजोनिवृत्ती झाली. पण बीजकोश कित्येकदा केवळ थबकलेले असतात आणि काही महिन्यांनी पुन्हा काम करू लागतात. अशा वेळी ही गोळी एकटीच दिली, तर इस्ट्रोजेन कमी झाल्याचे मेंदूला जाणवते, मेंदू बीजकोशांना अधिक जोराने कामाला लावतो आणि उलटाच परिणाम होतो. हाच गुण वापरून वंध्यत्वावरच्या उपचारात तरुण स्त्रियांना लेट्रोझोल काही दिवस देतात, म्हणजे बीज तयार व्हावे. म्हणून भाचीला दिलेली आणि आपल्याला दिलेली गोळी एकच निघाली, तर दचकून जाऊ नये. मात्र ज्यांची पाळी जाऊन फार काळ लोटलेला नाही, त्यांनी रक्तातल्या हार्मोनच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. गरज पडल्यास बीजकोशांना विश्रांती देणारी इंजेक्शने सोबत देतात. आणि गोळी चालू असताना अंगावरून जरासे जरी रक्त गेले, तरी ते त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.

गोळी घेण्याची रीत सोपी आहे. अॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम, लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम, तिन्ही दिवसातून एकदाच. पहिल्या दोन गोळ्या जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कशाही घेतल्या तरी चालतात. एक्झेमेस्टेन मात्र जेवणानंतरच घ्यावी, कारण अन्नातल्या स्निग्धांशामुळे ती रक्तात चांगली उतरते. उपवासाच्या दिवशी नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही. वेळ कोणतीही चालते, पण ती रोज तीच असावी. कोणाला गोळीनंतर ग्लानी येते, त्यांनी रात्री घ्यावी. कोणाची झोप मोडते, त्यांनी सकाळी घ्यावी. एखाद्या दिवशी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी, आणि दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी दोन मात्र घेऊ नयेत. लेट्रोझोल आणि अॅनास्ट्रोझोल यांचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे दोन दिवस लागतात, त्यामुळे एका चुकलेल्या गोळीने काही बिघडत नाही. महिन्यातून आठ-दहा गोळ्या चुकू लागल्या तर मात्र बिघडते, आणि तसे होत असेल तर ते लपवू नये.

मेडिकलच्या दुकानात दर महिन्याला वेगळ्या कंपनीची स्ट्रिप मिळू शकते. कंपनी बदलली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण स्ट्रिपवरचे औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम दरवेळी वाचावेत. लेट्रोझोलचा समावेश केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रातही ही औषधे कमी किमतीत मिळतात. महागड्या ब्रँडपायी गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत, त्यांच्यासाठी हे विशेषकरून लिहिते. तालुक्याच्या ठिकाणी ही गोळी नेहमी हाताशी असेलच असे नाही, त्यामुळे महिन्याभराचा जादा साठा घरात ठेवावा. ज्यांनी आधी टॅमॉक्सिफेन घेतले आणि नंतर गोळी बदलली, त्यांनी जुन्या स्ट्रिपा घरातून काढून टाकाव्यात. दोन्ही एकत्र घेतल्याने दुप्पट संरक्षण मिळत नाही. अॅनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन एकत्र देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत एकत्रित उपचार नुसत्या टॅमॉक्सिफेनहून सरस ठरला नाही, आणि लेट्रोझोलचे रक्तातले प्रमाण तर टॅमॉक्सिफेनमुळे घटते. घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल, तर तिने ही गोळी तोडून किंवा कुटून देण्याचे काम करू नये, एवढेही लक्षात ठेवावे.

आता हाडांकडे वळते, कारण पाच वर्षांच्या या हिशोबात सर्वांत जास्त लक्ष तिथेच द्यावे लागते. इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरते. पाळी गेल्यावर ते कमी होते, आणि ही गोळी उरलेलेही जवळजवळ संपवते, त्यामुळे झीज वेगाने होते. ही झीज दुखत नाही. मनगट किंवा खुब्याचे हाड मोडेपर्यंत तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून गोळी सुरू करताना डेक्सा ही हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे साधारण दर एक-दोन वर्षांनी करावी. रिपोर्टमधला टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान असेल तर हाडे विरळ होऊ लागली आहेत, आणि उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ती ठिसूळ झाली आहेत, असे समजतात. शिबिरांतून टाचेवर यंत्र लावून फुकट करून देतात ती तपासणी डेक्साची जागा घेऊ शकत नाही. उपचाराचा निर्णय त्यावर घेऊ नये.

कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम मिळावे. आपल्याकडे नाचणी हा त्याचा उत्तम साठा आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध, दही, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला हे सारे घरचेच आहे. आहारातून जेवढे मिळते तेवढे मोजून उरलेलेच गोळीतून घ्यावे. आहारात भरपूर असताना वर दोन-दोन गोळ्या घेण्याने मूतखड्याखेरीज हाती फारसे लागत नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोहोंत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. ही चूक मला सर्वाधिक आढळते. सकाळी उठल्यावर डब्यातल्या सगळ्या गोळ्या एका घोटात घेतल्या जातात, थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, मग थकवा वाढतो, आणि दोष मात्र कर्करोगाच्या गोळीवर येतो.

ड जीवनसत्त्वाची कहाणी निराळी आहे. आपल्या देशात उन्हाची कमतरता नाही, तरीही ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे. डॉक्टर आठवड्याला ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल ठरावीक आठवड्यांसाठी लिहून देतात. तो कोर्स संपल्यावरही दुकानातून स्वतःच आणून दर रविवारी ती घेत राहणे, हा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे. हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि जास्त झाल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रक्ततपासणी करावी आणि नंतरचा डोस त्यावरून ठरवून घ्यावा.

हाडे फारच विरळ असतील, किंवा गोळीबरोबर ती विरळ होण्याचा धोका मोठा असेल, तर झोलेड्रोनिक अॅसिड हे शिरेतून देण्याचे औषध साधारण सहा महिन्यांनी एकदा देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत झोलेड्रोनिक अॅसिडच्या गटातली औषधे हाडांत आजार उलटण्याचे प्रमाणही काहीसे कमी करतात, असे दिसून आले आहे, त्यामुळे डॉक्टर ती केवळ हाडांसाठीच देत असतील असे नाही. दुसरे औषध डेनोसुमॅब. ते ६० मिलिग्रॅम त्वचेखाली दर सहा महिन्यांनी देतात. दोन्हींच्या आधी दंतवैद्याकडे जाऊन किडलेले दात, हिरड्यांचे आजार यांचे काम उरकून घ्यावे, कारण ही औषधे चालू असताना दात काढल्यास जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा क्वचित पण चिवट त्रास होऊ शकतो. दंतवैद्यालाही हे औषध चालू असल्याचे सांगावे. दातांचा याच्याशी काय संबंध, असे वाटून बहुतेक जणी सांगत नाहीत. डेनोसुमॅबच्या बाबतीत आणखी एक सूचना: त्याचा पुढचा डोस लांबवला किंवा अचानक बंद केला, तर हाडांची झीज एकदम उसळते आणि मणके दबण्याची शक्यता असते. ते सुरू करण्याआधीच ते पुढे कसे थांबवणार, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. आणि इंजेक्शने कितीही घेतली तरी ओल्या न्हाणीघरात घसरून पडण्यावर त्यांचा उपाय चालत नाही. भिंतीला धरायला दांडी, खरखरीत चटई आणि रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर एक दिवा, हा खर्च आधी करावा.

सांधेदुखीमुळे सर्वाधिक जणी गोळी सोडतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, पोळी लाटताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, जमिनीवर बसले की उठताना गुडघे साथ देत नाहीत. हा त्रास साधारणपणे पहिल्या काही महिन्यांत सुरू होतो. वय झाले म्हणून हे होतच असते, असे म्हणून घरातले आणि कधी कधी डॉक्टरही तो उडवून लावतात. तो खरा आहे आणि त्यावर उपाय आहेत. सर्वांत भरवशाचा उपाय ऐकायला नकोसा वाटतो, तो म्हणजे व्यायाम. अमेरिकेत या गोळीमुळे सांधे दुखणाऱ्या १२१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम करणाऱ्या गटात वर्षभरात सर्वांत तीव्र वेदना सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाल्या, तर दुसऱ्या गटात त्या जराशा वाढल्याच. दुखते म्हणून हालचाल कमी करावी असे वाटते, आणि हालचाल कमी केली की अधिक दुखते. हे चक्र सुरुवातीलाच मोडावे लागते. माझा स्वतःचा अनुभवही असाच आहे, मात्र पहिले काही आठवडे व्यायाम करताना अंगदुखी वाढल्यासारखी वाटली, हे लपवत नाही. ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्यांनी त्या हाताने वजन उचलण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावे; हाताला सूज असेल तर विशेषच.

व्यायामाने भागत नसेल तर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून त्रास कमी होतो का हे पाहतात आणि मग त्याच गटातली दुसरी गोळी देतात. एक सोसली नाही म्हणून दुसरीही सोसणार नाही असे नसते. लेट्रोझोलवर जिची बोटे आखडली ती एक्झेमेस्टेनवर बरीच बरी राहते, असे घडते. तिन्ही जमल्या नाहीत तर टॅमॉक्सिफेनचा मार्ग असतो. त्याचे धोके वेगळे आहेत, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे त्यांतले महत्त्वाचे, पण काहीच न घेण्यापेक्षा तो मार्ग चांगला. ड्युलॉक्सेटिन नावाचे औषधही काहींना सांधेदुखीवर उपयोगी पडते, ते अर्थातच डॉक्टरांच्या चिठ्ठीने. करू नये ते एकच: कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने रोज घेणे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जठर, मूत्रपिंडे आणि रक्तदाब या तिघांनाही इजा पोहोचते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर तर मूत्रपिंडांवर अधिकच ताण येतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्यांनी दोन दिवसांत आराम पडतो आणि हाडे मात्र आणखी ठिसूळ होतात.

गरम वाफा, रात्री घामाने भिजून जाग येणे, चिडचिड, केस विरळ होणे हे सर्व थोड्याफार प्रमाणात होते. वाफांवर हार्मोनविरहित औषधे आहेत, गॅबापेंटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी. रात्री झोपच लागत नसेल तर तसे सांगावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्ततपासणीच्या आधी प्रयोगशाळेत ते कळवावे, कारण बायोटिनमुळे थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. योनीमार्ग कोरडा पडणे, जळजळ, लघवीचा वारंवार संसर्ग, संबंध दुखरे होणे, याबद्दल आपल्याकडच्या बायका डॉक्टरांशी बोलतच नाहीत; साठीच्या बाईने हे काय विचारावे, या लाजेने वर्षे निघून जातात. हार्मोन नसलेली जेल आणि मॉइश्चरायझर यांनी पुष्कळ आराम पडतो. इस्ट्रोजेनचे मलम मात्र घरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सहज लिहून दिले तरी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण ते थोडेफार रक्तात उतरते आणि ही गोळी जे काम करते त्याच्या विरुद्ध जाते. वाफांसाठी गोळ्यांतून किंवा पॅचमधून इस्ट्रोजेन घेणे तर या गोळीबरोबर बसतच नाही.

इथेच काढे आणि चूर्णे यांचा विषय येतो. शतावरी, स्त्रियांसाठीच्या शक्तिवर्धक म्हणून खपणाऱ्या पावडरी, रजोनिवृत्तीच्या तक्रारींवरच्या वनस्पतीजन्य कॅप्सूल यांच्यात इस्ट्रोजेनसारखे गुण असणारे घटक असू शकतात, आणि या गोळीबरोबर त्या निर्धोक आहेत असा पुरावा नाही. वैद्यांकडे जाण्यास माझा विरोध नाही, परंतु त्यांना ही गोळी चालू असल्याचे सांगावे आणि त्यांनी दिलेले नाव कर्करोगतज्ज्ञांनाही दाखवावे. सोयाबीनबद्दल मात्र उगाच भीती पसरली आहे. शांघायमध्ये स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांच्या मोठ्या पाहणीत आहारातून सोया घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, उलट कमी दिसले. तेव्हा आठवड्यातून एकदा सोयाबीनची भाजी किंवा रोज चमचाभर जवसाची चटणी खाल्ल्याने काही होत नाही. सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल टाळाव्यात.

चालू असलेल्या सर्व औषधांची एक यादी कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या पानावर लावून ठेवावी. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या नेहमीच्या गोळ्यांशी या गोळीचा सहसा झगडा होत नाही. पण एक्झेमेस्टेन घेणाऱ्या स्त्रीला क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन अथवा कार्बामाझेपिन सुरू झाले, तर गोळीचे रक्तातले प्रमाण घटते आणि डोस बदलावा लागू शकतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधांबद्दल विचारावे, कारण टॅमॉक्सिफेनचे कार्यक्षम रूपात होणारे रूपांतर ती रोखतात. या गोळ्यांवर कोलेस्टेरॉल थोडे वाढू शकते, म्हणून वर्षातून एकदा ती तपासणी आणि रक्तदाब पाहणे हे नेहमीच्या भेटीतच उरकून घ्यावे.

सगळे दुखणे गोळीचे नसते. गोळीची सांधेदुखी साधारणतः दोन्ही बाजूंना असते, सकाळी अधिक असते आणि हालचालीने सैल होते. पुढची लक्षणे मात्र वेगळी: एकाच जागी खोलवर, दिवसेंदिवस वाढणारे, रात्री झोपू न देणारे हाडाचे दुखणे. पाठदुखीबरोबर पाय लुळे पडल्यासारखे वाटणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे. छातीत दुखणे, धाप लागणे, एकाच पायाला सूज येणे. डोळे पिवळे होणे, अंगावर मोठे पुरळ येणे. शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ, काखेत किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ लागणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पाय लुळे पडणे आणि छातीत दुखणे या दोन्हींत तर त्याच दिवशी जावे.

पाच वर्षे संपत आली की पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो. हार्मोनग्राही कर्करोग पाच वर्षांनंतरही, अगदी वीस वर्षांपर्यंत, उलटू शकतो, हे मोठ्या विश्लेषणांतून स्पष्ट झाले आहे, त्यामुळे काहींना गोळी पुढे चालू ठेवण्याचा सल्ला मिळतो. किती काळ, हे मात्र गाठीचा आकार, काखेतल्या किती गाठींत आजार होता आणि हाडांची स्थिती यांवर ठरते. ऑस्ट्रियात पाच वर्षांचा हार्मोन उपचार पुरा केलेल्या स्त्रियांना अॅनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षे किंवा आणखी पाच वर्षे देऊन तुलना केली गेली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. आजाराच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र पाच वर्षे जादा घेणाऱ्या गटात अधिक होते. म्हणून जास्त काळ घेणे म्हणजे जास्त सुरक्षित, असे गृहीत धरू नये, आणि पाच वर्षे झाली म्हणून स्वतःहून थांबवूही नये. त्या भेटीला जाताना मूळ गाठीचा रिपोर्ट, डेक्साचे आजवरचे सगळे रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत न्यावी. डेनोसुमॅब चालू असेल तर गोळी थांबवण्याचा आणि ते इंजेक्शन थांबवण्याचा विचार एकाच बैठकीत व्हावा, म्हणजे गोळी संपल्याच्या आनंदात पुढच्या इंजेक्शनची तारीख निसटून जात नाही.